व्हिएन्नाला पोस्टर घेऊन जाताना

*ताई, मी सातारा जिल्ह्यातली. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या (काळ्या कातळातल्या) झऱ्यांवर पीएच.डी. करते आहे. व्हिएन्नाला दरवर्षी युरोपियन जिओसायन्सेस युनियनची (ईजीयू) मोठी परिषद भरते, तिथे माझं पोस्टर स्वीकारलं गेलंय. सर म्हणाले, ‘तू जाऊन ये, मला काही जमणार नाही.’ मी अजून विमानात बसलेली नाही. पासपोर्ट तेवढा काढून ठेवलाय. फेलोशिपमधून थोडे पैसे साठलेत, बाकीचं युनिव्हर्सिटी ‘आल्यावर बघू’ म्हणते. व्हिसा, राहणं, पोस्टर कसं न्यायचं, सगळंच नवीन आहे. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आईला मी एकटी जाणार याची काळजी आणि मला माझ्या इंग्रजीची. एवढ्या हजारो लोकांत माझ्या पोस्टरपुढे कोण थांबणार? आणि थांबलंच कुणी तर मी काय बोलणार? परिषदेला अजून अडीच महिने आहेत. मला अहो-जाहो करू नका आणि सगळं सविस्तर सांगा.*

*– एक संशोधक, सातारा*

मुली, आधी मनापासून अभिनंदन. आता लगेच कामाचं बोलू, कारण तुझ्या अडीच महिन्यांतला बराच काळ व्हिसा खाणार आहे.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे. परिषद म्हणजे तिथे आलेली माणसं. भाषणं नंतर वाचता येतात, माणसं नंतर भेटत नाहीत. तेव्हा व्हिसा, पैसे, जेवण, रस्ते हे सगळं निघण्याआधी इतकं पक्कं करून टाक की तिथल्या पाच दिवसांत ‘आता काय खाऊ’ आणि ‘कुठली गाडी पकडू’ यात तुझी शक्ती जाऊ नये.

व्हिसा या आठवड्यात

ऑस्ट्रिया शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतो. या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात. खरी अडचण त्याच्याही आधी येते, अपॉइंटमेंटची. ऑस्ट्रियाचे अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यावे लागतात, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि एप्रिल-मे म्हणजे आपला निम्मा मध्यमवर्ग मुलांच्या परीक्षा आटोपून युरोपच्या सहलीला निघालेला असतो. मुंबईची तारीख आजच बघ. कागद पूर्ण व्हायची वाट बघत बसू नकोस; तारीख घे आणि तिच्या आत कागद जमव.

कागद फार अवघड नाहीत. नोंदणी केलीस की आयोजकांकडून व्हिसासाठीचं पत्र मिळतं. युनिव्हर्सिटीचं बोनाफाइड आणि ना हरकत प्रमाणपत्र, सरांचं पत्र, राहण्याचं बुकिंग, जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण, बँकेचं स्टेटमेंट, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, वर केंद्राचे सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख आणून भरू नकोस, ते लगेच उठून दिसतं. त्यापेक्षा वडील खर्च करणार असतील तर तसं त्यांचं साधं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोड. सरांच्या पत्रात मात्र एक वाक्य हवंच: ही विद्यार्थिनी अमुक तारखेला परत येऊन प्रबंधाचं काम पुढे चालू ठेवणार आहे. तू परत येणार, हे समोरच्या अधिकाऱ्याला पटणं महत्त्वाचं असतं.

आणि नावाकडे लक्ष दे. आपल्याकडे पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं असतं, ॲबस्ट्रॅक्टवर (परिषदेला पाठवलेल्या सारांशावर) मात्र आद्याक्षर आणि आडनाव. नोंदणी, विमा, तिकीट या तिन्हींवर पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव घाल. शोधनिबंधात तू कोणत्या नावाने लिहितेस त्याचा इथे संबंध नाही.

व्हिसा हातात पडेपर्यंत रद्द न होणारं तिकीट किंवा खोली घेऊ नकोस. खोलीसाठी यू१ ही मेट्रोची लाल लाइन धरून शोध. परिषद जिथे भरते ते ऑस्ट्रिया सेंटर याच लाइनवर ‘काइझरम्यूलेन’ स्टेशनाला लागून आहे. त्या आठवड्यात शहरात पंधरा-वीस हजार भूवैज्ञानिक उतरतात आणि हॉटेलवाल्यांना ते चांगलं ठाऊक असतं. भारतातून जाणारी दुसरी एखादी मुलगी सापडली तर खोली वाटून घ्या. जाहीर होणाऱ्या कार्यक्रमात संस्थांची नावं असतात. त्यातून भारतातल्या मुलींना सरळ मेल टाकायला लाजायचं कारण नाही.

पैशाचं

‘आल्यावर बघू’ हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. त्यावर उपाय एकच, आजच लेखी अर्ज. शीर्षक द्यायचं: परिषदेस उपस्थित राहण्यासाठी पूर्वपरवानगी व अग्रीम मिळण्याबाबत. परवानगी आधीच्या तारखेची नसेल तर आल्यावर अकाउंट्स सेक्शन तुला एक पैसाही देऊ शकणार नाही. ते देणार नाहीत हेही खरं, पण तेव्हा नियमही त्यांच्या बाजूला असेल. केंद्र सरकारच्या निधीतून तिकीट निघणार असेल तर ते बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच घ्यायचा नियम आहे. बाहेरच्या साइटवर चार हजार कमी दिसले म्हणून तिथून काढलेल्या तिकिटाचं बिल अडकतं. हा नियम तुझ्या पैशाला लागू आहे का ते सेक्शनमध्ये आधी विचार, आणि उत्तर मेलवर घे.

संशोधनाला निधी देणारी एसईआरबी ही केंद्र सरकारची संस्था पूर्वी देत असे ते परदेश परिषदेचं प्रवास साहाय्य आता तिच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे गेलं आहे, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचंही असतं. दोघांनाही अर्ज आगाऊ लागतो, तेव्हा त्यांची मुदत आज संध्याकाळीच तपास. ईजीयू स्वतःही तरुण संशोधकांना मदत देतं, पण तो अर्ज ॲबस्ट्रॅक्टबरोबर, डिसेंबरच्या सुमारास करायचा असतो. तुझी ती वेळ गेली. तुझ्यामागून येणाऱ्या ज्युनिअर मुलांना मात्र हे सांगून ठेव. नोंदणी विद्यार्थी दराने आणि लवकर नोंदणीची मुदत संपायच्या आत कर. दोन्हींत चांगला फरक पडतो.

जाताना फॉरेक्स कार्ड (आधी युरो भरून ठेवायचं बँकेचं कार्ड) आणि थोडे रोख युरो ने. व्हिएन्नात रोख अजून चालते, लहान दुकानांत तर हवीच. एटीएमवर किंवा कार्ड मशीनवर ‘रुपयांत घ्यायचे की युरोत’ असं विचारतात. नेहमी युरो निवड. रुपयाचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात.

पोस्टर

इथे जरा थांबते, कारण तू ज्या गोष्टीला सर्वांत जास्त घाबरली आहेस ती याच कागदावर ठरणार आहे.

पहिलं माप. आपल्याकडच्या परिषदांत पोस्टर उभं असतं. ईजीयूचे फलक आडवे असतात, १९७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच. ए-झीरो आकाराचा कागद उभा लावलास तर त्याची उंची जवळजवळ ११९ सेंटिमीटर भरते, म्हणजे खालची वीतभर पट्टी लोंबणार, आणि त्या पट्टीत बहुतेकदा निष्कर्ष असतात. तेव्हा पोस्टर आडवं कर, आणि छापायच्या आधी यंदाच्या सूचनेत माप एकदा पडताळून बघ.

दुसरं, फ्लेक्सवर छापू नकोस. चौकातल्या ‘भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’साठी ते ठीक आहे. ते जड असतं, घडी पडली की पांढरी रेघ कायमची उमटते, आणि सभागृहाच्या दिव्यांत चकाकतं. पुण्यात कापडावर छापून देणारे आहेत. कापडी पोस्टर ओढणीसारखं घडी घालून हातातल्या बॅगेत जातं, लांब नळकांडं घेऊन विमानात शिरायची कटकट नाही. बरोबर पीडीएफ पेन-ड्राइव्हवर आणि मेलवर ठेव. बॅग हरवली तर तिथे छापून घेता येतं.

तिसरं, आशय. तू एक गोष्ट गृहीत धरली असशील जी तिथल्या कुणालाही माहीत नाही: आपला पाऊस. व्हिएन्नात वर्षभरात साधारण ६००-६५० मिलिमीटर पडतो, तोही बारा महिने थोडा-थोडा. महाबळेश्वरला ५,००० च्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. एवढं पाणी चार महिन्यांत येतं आणि तरी त्याच डोंगरातल्या वाडीत मार्चमध्ये बायका हंडा घेऊन कुंडापाशी नंबर लावतात, हे समोरच्याला कळलं की त्याला तुझा प्रश्न आपोआप कळतो. म्हणून डाव्या कोपऱ्यात प्रस्तावनेचे तीन परिच्छेद देण्याऐवजी एकच आलेख दे: वरून लोंबणारे पावसाचे खांब, खाली झऱ्याच्या प्रवाहाची रेघ जूनपासून मेपर्यंत. शेजारी कुंडाचा फोटो, त्यात माणूस हवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. बेसॉल्टचा थर, मधला लाल माती झालेला थर, त्याच्यावर अडलेलं पाणी आणि जिथे ते बाहेर फुटतं ती जागा, एवढा एक छेद स्वतःच्या हाताने काढ. सॉफ्टवेअरमधल्या गुळगुळीत चित्रापेक्षा हाताने काढलेल्या छेदापाशी भूशास्त्रज्ञ जास्त थांबतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

संदर्भांची यादी काढून टाक. आभारात संस्था, निधी आणि ज्या गावकऱ्यांनी वर्षभर बादली-घड्याळ घेऊन प्रवाह मोजला त्यांच्या वाडीचं नाव ठेव. खाली क्यूआर कोड, त्यात पोस्टर आणि तुझा कायमचा मेल. कॉलेजचा नको, तो पीएच.डी. संपली की बंद होतो.

काय बोलायचं

आता इंग्रजी. ईजीयूत येणाऱ्यांमध्ये इटालियन, जर्मन, चिनी, चिली-ब्राझीलकडचे, इराणी असे सगळे असतात. बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. सगळे आपापल्या हेलात बोलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तुला दोन प्रकारचं बोलणं तयार ठेवायचंय. एक अर्ध्या मिनिटाचं, जो चालता चालता रेंगाळला त्याच्यासाठी. दुसरं तीन मिनिटांचं, जो म्हणतो ‘सांगा बघू’ त्याच्यासाठी. दोन्ही आधी मराठीत सांगून बघ, आईला. आईला झरा का आटतो ते कळलं तर इंग्रजीत शब्द शोधायचे राहतात, विचार शोधायचा राहत नाही. घोकून मात्र जाऊ नकोस. मधेच कुणी प्रश्न विचारला की पाठ केलेलं सगळं कोसळतं.

पोस्टरचं सत्र पावणेदोन तासांचं असतं. त्या वेळात तिथून हलू नकोस, पण पोस्टरच्या मधोमध पहारा देत उभीही राहू नकोस. बाजूला उभी राहा, माणसाला वाचू दे. त्याची नजर आलेखावर थांबली की म्हण, ‘हवं तर एका मिनिटात सांगते.’ ऐकून झाल्यावर त्याला विचार की तो कशावर काम करतो. बहुतेक विद्यार्थी हे विचारत नाहीत आणि तिथेच संधी जाते. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘हे मी मोजलेलं नाही’ म्हण आणि वहीत लिहून घे. समोरच्याच्या डोळ्यांदेखत प्रश्न लिहून घेणारी मुलगी लक्षात राहते. कोण थांबणार, असं विचारतेस? दहा जण थांबले तरी भरपूर. त्यातले दोघं असे असतील ज्यांनी तुझ्यासारखेच झरे दुसऱ्या खंडात मोजलेत. त्या दोघांसाठी तू जातेस.

‘सातारा’ कुणाला कळणार नाही, पण ‘कोयना’ म्हण. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंप म्हटलं की जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेतात. तुझा विषय भूकंपाचा नसला तरी ओळखीला तेवढं दार पुरतं.

एक काम इथूनच करून जा. कार्यक्रम जाहीर झाला की तुझ्या विषयातली सात-आठ नावं काढ, ज्यांचे पेपर तू वाचलेस. त्यांना चार ओळींची मेल: मी अमुक, माझं पोस्टर अमुक दिवशी अमुक फलकावर, तुमच्या अमुक पेपरातल्या पद्धतीने मी इथे प्रवाह मोजला, पाच मिनिटं बघाल का? निम्मे उत्तर देत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. जे देतात ते खरोखर येतात.

आणि तू समस्थानिकांचं (आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) काम करत असशील (लिहिलं नाहीस, पण झऱ्यांवर असून ते केलं नसेल तर परीक्षक विचारणारच) तर लक्षात ठेव, ऑस्ट्रिया सेंटरच्या अगदी शेजारी संयुक्त राष्ट्रांच्या इमारती आहेत आणि त्यातच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए. पावसाच्या पाण्यातल्या समस्थानिकांच्या जगभरच्या नोंदी जागतिक हवामान संघटनेबरोबर हीच संस्था १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ठेवते, आणि त्यात जुन्या मुंबईच्याही नोंदी आहेत. त्यांच्याकडची माणसं परिषदेत असतात. त्या मेलच्या यादीत एक नाव तिथलं घाल.

सगळी सत्रं गाठायचा प्रयत्न करू नकोस. एका वेळी कितीतरी सभागृहांत भाषणं चालू असतात; दिवसाला तीन-चार ठरव आणि उरलेला वेळ पोस्टरच्या दालनांत फिर. ‘पिको’ नावाचा प्रकार जरूर बघ: दोन मिनिटांत प्रत्येकाने आपलं काम सांगायचं आणि मग आपापल्या टचस्क्रीनपाशी उभं राहून चर्चा करायची. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी जुन्या माणसाशी जोडी लावून देणारी मेंटॉरिंगची योजनाही असते, तिच्यासाठी आधी नाव द्यावं लागतं. दे. विद्यार्थ्यांच्या पोस्टरांच्या स्पर्धेतही नाव घाल. बक्षीस मिळो न मिळो, परीक्षक म्हणून दोन-तीन जाणती माणसं तुझ्या पोस्टरपुढे हमखास येतात.

जेवणखाण, आणि पेढ्यांचं

सरांनी सांगितलं असेल, ‘तिथल्या लोकांना कंदी पेढे घेऊन जा.’ नेऊ नकोस. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर, तूप, सगळं त्यात आलं. कढीपत्ता आणि ताजी फळं-भाज्याही ठेव घरीच. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, भडंग, खाकरा, मेतकूट बिनधास्त ने. लोणचं-चटणी न्यायचीच असेल तर चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ओलं काही १०० मिलिलिटरच्या वर जात नाही. पाण्याच्या नमुन्यांनाही हाच नियम, आणि बेसॉल्टचे दगड कुणाला दाखवायचे असतील तर तेही चेक-इनच्या बॅगेत टाक. क्ष-किरणात दगड बघून सुरक्षारक्षकाला कविता सुचत नाही.

व्हिएन्नात शाकाहारी मिळतं, अंडं टाळणं थोडं कठीण. ‘व्हेगान’ (vegan) लिहिलेलं मागितलंस की अंडं आणि दूध दोन्ही सुटतात; हा सर्वांत सोपा मार्ग. फलाफल, हुमूस, भाज्यांचं सूप, ब्रेड, भाजलेले बटाटे यांवर आठवडा निघतो. राहायच्या ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असेल तर बिल्ला, स्पार, होफर या दुकानांतून तांदूळ, डाळ, दही आणून खिचडी लाव, खर्चही निम्मा होतो. पण रविवारी बहुतेक सगळी दुकानं बंद असतात. मोठ्या स्थानकांतली उघडी असतात, प्राटरस्टर्नचं त्यातलंच एक. १ मे मध्ये आला तर त्या दिवशीही सगळं बंद. आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. रविवारी दुपारी उतरणारे पाहुणे रात्री उपाशी राहतात ते याच कारणाने.

पाणी विकत घेऊ नकोस. नळाचं पी. त्याबद्दल पुढे सांगते.

उतरल्यावर

विमान दोहा-दुबईमार्गे असेल तर पासपोर्टची तपासणी व्हिएन्नातच. फ्रँकफर्ट-म्युनिकमार्गे असेल तर ती तिथेच होते, आणि रांग मोठी असते. मधला वेळ दोन तासांहून कमी असलेलं तिकीट काढू नकोस. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्याने वेळ वाढतो. परिषदेचं पत्र, परतीचं तिकीट, विमा आणि खोलीचा पत्ता छापील कागदावर हातात ठेव. ‘कशासाठी आलीस’ विचारलं की परिषदेचं नाव सांग आणि गप्प बस. झऱ्यांचं व्याख्यान तिथे नको.

विमानतळावरून ‘कॅट’ नावाची हिरवी गाडी १६ मिनिटांत शहरात नेते आणि त्याचे पैसे घेते. साधी एस७ लोकल थोडा जास्त वेळ घेते आणि पुष्कळ स्वस्त पडते. तिने थेट प्राटरस्टर्नला उतर, तिथे यू१ बदल, लिओपोल्डाऊच्या दिशेने तिसरं स्टेशन काइझरम्यूलेन. शहराचं तिकीट विमानतळापर्यंत चालत नाही, जादा तिकीट घ्यावं लागतं. मेट्रोला फाटक नाही, कुणी अडवत नाही, म्हणून फसू नकोस: कागदी तिकीट घेतलंस तर आत शिरताना निळ्या यंत्रात छापून घे. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड १०० युरोंच्या वर आहे. परदेशी असण्याचं कारण चालत नाही.

थंडी म्हणशील तर एप्रिलअखेरीला सकाळी पाच-सात अंश आणि दुपारी वीस असंही होतं. एक जाड कोट नेण्यापेक्षा दोन पातळ स्वेटर आणि एक पावसाळी जाकीट ने. बूट जुने, सवयीचे. दिवसभर सिमेंटवर उभं राहायचंय. कपडे ज्यात तुला मोकळं वाटतं ते, पंजाबी ड्रेस अगदी चालतो. गोल दोन पिनांचा ॲडॉप्टर घे, तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग तिथे बसत नाही.

आईला सांग, व्हिएन्नात रात्री नऊला मुली एकट्या मेट्रोने घरी जातात, आणि एप्रिलअखेरीला तिथे अंधारच आठनंतर पडतो. पाकीटमार मात्र आहेत, विशेषतः गर्दीच्या स्टेशनांवर. पासपोर्ट खोलीत ठेवून त्याची झेरॉक्स जवळ ठेव. आणीबाणीला ११२. भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये आणि आईकडेही असू दे. तिथली वेळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास असते, त्यामुळे रोजचा फोन त्यांच्या दुपारी चारला, म्हणजे आईच्या साडेसातला ठरव. सकाळी उठून केलास तर पोस्टरच्या दिवशी घाई होईल. परिषदेत कुणी नकोशी जवळीक केली तर सहन करायचं कारण नाही. आचारसंहिता असते आणि आयोजकांकडे तक्रार करता येते. हे आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, तुला माहीत हवं.

एक दुपार राखून ठेव

तू पाण्याची माणूस आहेस म्हणून सांगते, नाहीतर फिरायची ठिकाणं सांगायला मी बसले नसते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नातल्या विहिरींचं पाणी दूषित होतं आणि विषमज्वराने माणसं मरत. एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने, ज्याने पुढे गोंडवानालँड या प्राचीन महाखंडाची कल्पना मांडली आणि ज्याचं नाव तू बी.एस्सी.ला लिहिलं असशील, नगरपालिकेत निवडून जाऊन आग्रह धरला की पाणी आल्प्समधल्या झऱ्यांवरूनच आणायचं. १८७३ च्या ऑक्टोबरात ते आलं, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. आजही शहराच्या नळांना डोंगरातल्या झऱ्यांचंच पाणी येतं. तेव्हा उद्घाटनाला उडवलेलं कारंजं श्वार्झनबर्गप्लाट्झला अजून आहे. यू१ च्या कार्ल्सप्लाट्झ स्टेशनावरून चालत जा. नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय बघणार असशील तर मंगळवार सोडून, त्या दिवशी ते बंद असतं. तिथला उल्कांचा संग्रह जगात नावाजलेला आहे. राजवाडे-बिजवाडे वेळ उरला तर.

परत आल्यावर

ज्यांच्याशी बोललीस त्यांना आठवड्याच्या आत मेल कर. ‘भेटून आनंद झाला’ एवढंच नको. त्यांनी विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर किंवा मागितलेला आलेख जोड. महिन्याने केलेली मेल कुणाला ओळखू येत नाही.

उपस्थितीचं प्रमाणपत्र आयोजकांच्या पोर्टलवरून लगेच उतरवून घे. टीए (प्रवासभत्त्याच्या) बिलाला ते, नोंदणीची पावती, तिकिटाचं बिल, व्हिसा-विम्याच्या पावत्या आणि चारही बोर्डिंग पास लागतील. थर्मल कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते आणि मग सेक्शनमधले साहेब कोरा कागद उजेडात धरून तुझ्याकडे बघतात. उतरल्या दिवशीच सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढ आणि बिल आवक क्रमांक घेऊनच टेबलावर ठेव.